मुतखडा, लिंबू आणि सायट्रेटची बाटली

मे महिना लागला की माझ्या जळगावच्या दवाखान्यात एक दृश्य रोज दिसतं. पेशंट खुर्चीत बसतच नाही. एक हात कमरेवर, कधी भिंतीला टेकून तर कधी ओणवा होऊन तो उभा राहतो. सोबतचा माणूस सांगतो, "पहाटेपासून असंच चाललंय, दोन उलट्याही झाल्या." सोनोग्राफी व्हायच्या आधीच मला निम्मं निदान कळलेलं असतं. ताप आलेला माणूस झोपून राहतो, अपेंडिक्सचा माणूस हलायला घाबरतो, पण मुतखड्याच्या कळेत माणसाला एका जागी राहवत नाही.

आपल्या खानदेशात हे दुखणं घरोघरी आहे. पारा ४४-४५ च्या आसपास, शेतात सावली नाही, घामावाटे पाणी निघून जातं आणि लघवी होते दिवसातून दोनदा, तीही मोहरीच्या तेलासारखी पिवळी. धुळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी न आलेलं मी कॉलेजच्या काळात पाहिलं आहे. तेव्हा माणूस पिण्याच्या पाण्याचीही काटकसर करायला शिकतो. बायकांचं आणखी वेगळं. कापूस वेचायला गेलेली बाई दिवसभर मुद्दाम कमी पाणी पिते, कारण शेतात आडोसा नसतो. "बोअरचं पाणी जड आहे म्हणून खडे होतात," असं बहुतेक जण मला सांगतात. पाणी जड की हलकं यापेक्षा ते किती पोटात जातं, हा प्रश्न फार मोठा आहे. लघवी दिवसाला दोन ते अडीच लिटर झाली पाहिजे. नुसतं दोन लिटर पाणी पिऊन मे महिन्यात ती तेवढी होत नाही.

आज मात्र मला पाण्याबद्दल नाही, एका बाटलीबद्दल लिहायचं आहे. मुतखडा झालेल्या घरात ती हमखास सापडते. फ्रिजच्या दारात, चिकट झाकणाची, गोड-आंबट चवीची. कुणी तिला "खड्याचं औषध" म्हणतं, कुणी "लघवी साफ व्हायचं सिरप". तिच्यात सायट्रेट असतं. या सायट्रेटमुळे माझा एक पेशंट जाता जाता वाचला, आणि ती चिठ्ठी माझ्याच हातची होती.

आधी सायट्रेट म्हणजे काय ते पाहू. लिंबू आंबट लागतं ते सायट्रिक ॲसिडमुळे. एका कागदी लिंबाच्या रसात ते साधारण एक ग्रॅमच्या आसपास असतं. या ॲसिडच्या रेणूला सोडून देता येतील असे तीन हायड्रोजन असतात. ते तीनही सोडले की उरतो तो तीन ऋण भारांचा सायट्रेट आयन. आयन एकटा राहू शकत नाही, त्याला धन भाराचा जोडीदार लागतो. सोडियम मिळाला तर सोडियम सायट्रेट, पोटॅशियम मिळाला तर पोटॅशियम सायट्रेट, कॅल्शियम मिळाला तर कॅल्शियम सायट्रेट. हे सगळे त्याचे क्षार. नाव एकाच घराण्याचं, पण स्वभाव जोडीदारावर ठरतो. हे वाक्य मी पुढे पुन्हा आठवणार आहे.

सायट्रेट तुम्ही घरी कधीतरी बनवलं आहे. लिंबाच्या रसात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की फेस येतो. तो फेस कार्बन डायऑक्साइडचा. फेस बसल्यावर ग्लासात जे आंबटपणा गेलेलं, किंचित खारट पाणी राहतं, ते सोडियम सायट्रेटचं. कारखान्यातही शेवटची पायरी जवळपास हीच असते.

पण कारखान्यात एवढं सायट्रिक ॲसिड येतं कुठून? लिंबातून नाही. १७८४ साली कार्ल शेले या स्वीडनमधल्या औषधविक्रेत्याने लिंबाच्या रसात खडूची पूड घालून कॅल्शियम सायट्रेटचा साका मिळवला आणि त्यावर गंधकाम्ल टाकून सायट्रिक ॲसिडचे स्फटिक वेगळे केले. पुढे शंभरावर वर्षं जगाला ते लिंबातूनच मिळत होतं. १९१७ मध्ये जेम्स करी यांनी दाखवून दिलं की अ‍ॅस्परजिलस नायगर नावाची काळी बुरशी साखरेपासून ते भरपूर बनवते, आणि दोन वर्षांत अमेरिकेत त्याचं उत्पादन सुरू झालं. आज जगातलं जवळपास सगळं सायट्रिक ॲसिड या बुरशीकडूनच येतं. तिला मळी नाहीतर मक्याच्या स्टार्चची साखर खायला घालतात.

ही बुरशी तुम्हाला अनोळखी नाही. माझं आजोळ साक्री तालुक्यातलं. पावसाळ्यात मामा कांदाचाळीतून खराब कांदे निवडायला आम्हा पोरांना बसवायचे. सालाखाली काजळीसारखी काळी भुकटी असलेला कांदा बाजूला टाकायचा. हात काळे व्हायचे, मामी ओरडायची. कांद्यावरची ती काळी भुकटी म्हणजे बहुतेक वेळा हीच अ‍ॅस्परजिलस नायगर. धुळ्याच्या मेडिकल कॉलेजात मायक्रोबायोलॉजीच्या तासाला तिचं नाव ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा चाळीचा वासच आठवला.

त्याच कॉलेजात, पहिल्या वर्षी बायोकेमिस्ट्रीत, क्रेब्ज सायकल घोकून घोकून डोकं फिरलं होतं. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या या चक्राचा पहिला थांबा सायट्रेट. म्हणजे लिंबू चाखलं नाही तरी आपल्या प्रत्येक पेशीत या क्षणी सायट्रेट तयार होतंय आणि जळतंय. परक्या रसायनासारखं त्याच्याकडे बघायचं कारण नाही. घरचंच आहे ते. कदाचित म्हणूनच आम्ही डॉक्टरही त्याच्या बाबतीत जरा गाफील राहतो.

सायट्रेटचा एक गुण मात्र विशेष आहे. त्याला कॅल्शियम फार आवडतं. कॅल्शियम दिसला की ते त्याला धरून ठेवतं, तेही असं की दोघं मिळून पाण्यात विरघळलेले राहतात. वैद्यकात सायट्रेटचा जो उपयोग होतो त्यातला बराचसा या एका गुणावर उभा आहे.

रक्तदान केलं असेल तर आठवून पाहा. सुई टोचण्याआधीच पिशवीत थोडं पाण्यासारखं द्रव असतं. ते सायट्रेटचं. रक्त गोठायला कॅल्शियम लागतो, सायट्रेट त्याला अडकवून ठेवतं, म्हणून पिशवीतलं रक्त पातळ राहतं. १९१४-१५ च्या सुमारास बेल्जियम, अर्जेंटिना आणि न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी हे वापरायला सुरुवात केली. त्याआधी दात्याला पेशंटच्या शेजारी झोपवूनच रक्त द्यावं लागे. रक्तपेढी ही कल्पनाच या क्षारामुळे शक्य झाली.

ओआरएसच्या पुडीतही सायट्रेट असतं, पण तिथे कारण वेगळं. पूर्वी पुडीत खाण्याचा सोडा असायचा. उष्ण आणि दमट हवेत ग्लुकोजसोबत तो टिकत नसे, पूड पिवळी पडून घट्ट व्हायची. १९८४ मध्ये त्याच्या जागी सोडियम सायट्रेट आलं. आजच्या पुडीत एक लिटर पाण्यासाठी ते २.९ ग्रॅम असतं. ज्या गावात मेमध्ये औषधाच्या कपाटात हात घातला तरी चटका बसतो, तिथे पुडी टिकण्याला किती महत्त्व आहे हे वेगळं सांगायला नको.

आता मुतखड्याकडे येऊ. आपल्याकडचे बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे. लघवीत कॅल्शियम असतो, ऑक्झलेट असतं, पाणी कमी पडलं की दोघं भेटतात आणि त्यांचे स्फटिक बनतात. लघवीत पुरेसं सायट्रेट असेल तर ते कॅल्शियमला आधीच पकडतं, ऑक्झलेटच्या वाट्याला येऊ देत नाही. शिवाय बनलेल्या स्फटिकाची वाढही रोखतं. चोवीस तासांच्या लघवीत ते ३२० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर आम्ही ते कमी समजतो, आणि वारंवार खडे होणाऱ्यांत असे बरेच जण सापडतात. अशांना पोटॅशियम सायट्रेट देतात. अमेरिकेत या उपयोगाला १९८५ मध्ये मान्यता मिळाली.

इथे एक गंमत आहे. तुम्ही प्यालेलं सायट्रेट तसंच्या तसं लघवीत उतरत नाही. त्यातलं बहुतेक शरीरात जळून जातं आणि मागे बायकार्बोनेट ठेवतं, म्हणजे सोड्याचाच भाऊ. त्यामुळे रक्तातला आम्लाचा भार हलका होतो. मग किडनी आपलं स्वतःचं सायट्रेट परत शोषून घ्यायचं कमी करते आणि ते लघवीत वाढतं. असा हा वळसा आहे. लिंबाच्या रसात सायट्रेटचा जोडीदार बहुतांशी हायड्रोजन असतो, म्हणजे त्याचा आम्ल भाग सोबतच येतो आणि जमा-खर्च जवळजवळ बरोबरीत सुटतो. त्यामुळे लिंबूपाणी आणि पोटॅशियम सायट्रेट यांत फरक पडतो. लिंबूपाण्याने थोडा फायदा होतो, बराचसा त्यातल्या पाण्यामुळे. जरूर प्या. फक्त त्यात चमचाभर मीठ घालायची आपली सवय सोडा, कारण मिठातलं सोडियम लघवीत कॅल्शियम वाढवतं. आणि कॅल्शियमचा खडा आहे म्हणून दूध-दही बंद करू नका. जेवणातला कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून बाहेर काढतो.

आणखी एक गैरसमज सांगूनच टाकतो. ही बाटली पिऊन कॅल्शियम ऑक्झलेटचा जुना खडा विरघळत नाही. युरिक ॲसिडचा खडा विरघळू शकतो, कारण लघवीचं आम्ल कमी झालं की तो पाण्यात उतरतो. "बाटली प्यालो आणि पाच एमएमचा खडा पडला," असं जे सांगतात त्यांचा खडा बहुधा पडणारच होता. पाच एमएमपर्यंतचे बरेचसे खडे आपोआप पडतात. श्रेय मात्र बाटलीला जातं, आणि मग ती शेजाऱ्याला, मेव्हण्याला, गावभर सुचवली जाते.

आता नानांबद्दल. त्यांचं नाव सांगत नाही. वय पासष्टीच्या पुढे, चोपडा तालुक्यात केळीची बाग, स्वभाव खणखणीत. चार वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा कळ घेऊन आले. खडा पडला, तपासला, कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. आधीही दोनदा झाला होता, म्हणून मी पोटॅशियम सायट्रेटचं सिरप लिहून दिलं : दोन चमचे, दिवसातून दोनदा, भरपूर पाण्यातून. तोंडाने सांगितलं, तीन महिने घ्या आणि दाखवायला या. चिठ्ठीवर मात्र 'तीन महिने' लिहिलं नाही. त्या वेळी त्यांचं क्रिएटिनिन नॉर्मल होतं. पुढच्या तपासणीची तारीखही मी लिहिली नाही. दुपारचे दोन वाजले होते, बाहेर वीस पेशंट होते. हे कारण नाही, फक्त जे घडलं ते सांगतोय.

नाना परत आले नाहीत. बरं वाटत असलेला शेतकरी केळीच्या कापणीत दवाखान्यात कशाला येईल? ती चिठ्ठी त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आणि कंबर दुखली की मेडिकलवर दाखवून बाटली आणायचे. दरम्यान दुसऱ्या एका डॉक्टरांकडे ब्लडप्रेशर निघालं, टेल्मिसार्टन सुरू झालं. ते औषध चांगलं आहे, पण ते शरीरात पोटॅशियम थोडा धरून ठेवतं. गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या नाना मनानेच घ्यायचे, जवळपास रोज. त्या गोळ्यांनी किडनीवर काय परिणाम झाला ते कुणी तपासलं नाही. दुखणं तर काही नव्हतं. किडनी शेवटपर्यंत तक्रार करत नाही.

गेल्या वर्षी आखाजीच्या सुमारास त्यांची कंबर पुन्हा दुखायला लागली. खडा असेल म्हणून त्यांनी बाटली रोज सुरू केली. चमचा कोण शोधत बसतो? झाकणाने घ्यायचे, एक झाकण तीनदा. त्या बाटलीच्या झाकणात पंधरा मिली मावत होतं, मी नंतर मोजलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलगा त्यांना अक्षरशः उचलून घेऊन आला. नाना म्हणाले, "डाक्टर, पायमा जीवच नही ऱ्हायना." मला आधी वाटलं ऊन लागलं असेल, किंवा लकवा. नाडी हातात घेतली तर चाळीस. ईसीजी काढला आणि माझाच घसा कोरडा पडला. 'टी' लहरी तंबूसारख्या उंच टोकदार, 'पी' लहरी दिसेनात. रक्तातला पोटॅशियम ७.४ आला. तो ५ च्या आत हवा. साडेसहाच्या वर हृदय कधीही थांबू शकतं.

कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन हळूहळू शिरेतून दिलं आणि मॉनिटरकडे बघत राहिलो. काही मिनिटांत लहरी खाली बसू लागल्या. ग्लुकोनेट हाही सायट्रेटसारखाच सेंद्रिय आयन, पण इथे काम करत होता त्याचा जोडीदार कॅल्शियम. मग इन्सुलिन आणि ग्लुकोज दिलं आणि अँब्युलन्समधून मी स्वतः त्यांच्यासोबत डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात गेलो. दोनदा डायलिसिस करावं लागलं. क्रिएटिनिन ४.२ होतं, महिन्याभरात दोनच्या खाली आलं.

तिसऱ्या दिवशी मी नानांच्या कॉटशेजारी बसून विचारलं, "नाना, ही बाटली इतकी कुणी सांगितली घ्यायला?" त्यांनी मुलाला खूण केली. पिशवीतून माझी चिठ्ठी निघाली. घड्यांवर फाटलेली, माझी सही ठसठशीत. "तुम्हीच लिखी दिन्हं व्हतं ना?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मग मी त्यांना हिशोब समजावला, तो इथेही मांडतो. अशा अनेक सिरपांत पाच मिलीच्या एका चमच्यात सुमारे एक ग्रॅम पोटॅशियम सायट्रेट असतं. त्यातून जितका पोटॅशियम मिळतो, तितका साधारण एका मध्यम केळ्यात असतो. एक चमचा म्हणजे एक केळं. मी लिहिलं होतं त्या मात्रेने दिवसाला चार केळी. झाकणाच्या हिशोबाने नऊ. वर नानांच्या घरात खरी केळी, तीही भरपूर. धडधाकट किडनीला याचं काहीच वाटत नाही, ती जास्तीचा पोटॅशियम लघवीतून बाहेर टाकते. प्रौढ माणसाने दिवसाला साडेतीन ग्रॅम तरी पोटॅशियम खावा असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण किडनी मंदावली असेल आणि वर टेल्मिसार्टनसारखं औषध असेल, तर तोच पोटॅशियम रक्तात साठत जातो. सायट्रेटने आपलं काम केलं होतं, नानांना नवा खडा झालाच नव्हता. त्यांचा जीव घ्यायला निघाला होता तो जोडीदार.

जोडीदार बदलला म्हणजे सगळं निर्धोक झालं असंही नाही. लघवीच्या जळजळीसाठी मिळणाऱ्या सिरपात बहुतेकदा सोडियमचं सायट्रेट असतं. त्यात पोटॅशियमचा धोका नाही, पण ब्लडप्रेशर, हृदय कमजोर असणं किंवा पायांना सूज असेल तर महिनोन्महिने ते पिणं म्हणजे पाठीमागच्या दाराने मीठ खाणं. आणि जळजळ जंतुसंसर्गामुळे असेल तर सिरपने नुसतं बरं वाटतं, संसर्ग आत वाढत राहतो. लघवी फार अल्कलाइन झाली तर कॅल्शियम फॉस्फेटचे खडे बनायला सोपं जातं, म्हणून अधूनमधून लघवीचा पीएच बघावा लागतो. साडेसहा ते सात पुरे.

तुमच्या घरात अशी बाटली असेल तर आज एवढं करा. लेबलवर पोटॅशियम लिहिलंय की सोडियम, ते वाचा. ज्याच्यासाठी आहे त्याला मधुमेह, ब्लडप्रेशर किंवा किडनीचा त्रास असेल, वय साठीच्या पुढे असेल, किंवा तो वेदनाशामक गोळ्या वरचेवर घेत असेल, तर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्या. दोन्ही तपासण्या तालुक्याच्या गावी होतात. मोजायला झाकण नको, चमचा किंवा खुणा असलेलं माप वापरा. हातपाय अचानक गळाले, छातीत धडधडलं किंवा नाडी फार मंद वाटली तर सिरप थांबवा आणि ईसीजी होईल अशा ठिकाणी लगेच जा, सकाळची वाट बघू नका. मात्र तुमच्या डॉक्टरांनी तपासण्या करून हे औषध चालू ठेवलं असेल तर हा लेख वाचून ते बंद करू नका. वारंवार खडे होणाऱ्यांसाठी ते खरोखर उपयोगी आहे, आणि मी आजही ते लिहितो.

फक्त आता चिठ्ठीवर औषध संपायची तारीख मराठीत, मोठ्या अक्षरात लिहितो, आणि तिच्याखाली पुढच्या रक्त तपासणीची. दोन मेडिकलवाल्यांना विनंती केली आहे की तारीख उलटलेली माझी चिठ्ठी आली तर पेशंटला परत पाठवा. एकाने मानलं. दुसरा हसला.

नाना दर दोन महिन्यांनी येतात. गेल्या मंगळवारी आले तेव्हा क्रिएटिनिन १.८ होतं, पोटॅशियम ४.९. गुडघ्याच्या गोळ्या बंद आहेत, कुरकुर चालू आहे. लिंबूपाणी चालेल का, म्हणून विचारलं. म्हटलं, चालेल, पण मीठ न घालता. मग पिशवीतून केळ्यांची फणी काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, "आनि हाई?"

"तुम्हाला अर्धं, नाना," मी म्हटलं. "बाकीची मी ठेवून घेतो."